पुरेशी माहिती

क्लास शुक्रवारी संपला.
कुताइसीच्या औषधदुकानात, रात्रपाळीला,
तेओना चुकांची वही पुन्हा उघडते:
गुणोत्तरं, घाईत निसटलेला एक 'फक्त',
एकविसाव्या पानावर खोकल्याच्या सिरपचा डाग.

आता रोज चाळीस गणितं, ती ठरवते,
रविवारी अख्खा पेपर,
मेमध्ये परीक्षा, मग अर्ज, मग
गिऱ्हाईक येतं. सुट्टे नाहीत.
परत वही.

विधान एक: भाऊ म्हणतो, मिनीबस विकून टाकू.
विधान दोन: भावाला दुसरं काही येत नाही.
प्रश्न: तेओनाने जावं का?

पाचही पर्याय तिला तोंडपाठ.
बाहेर रिओनी नदी
अंधारात गोटे घासत चाललेली.

ती पेन्सिलीला टोक काढते,
उत्तराची जागा कोरीच सोडते
आणि उद्याच्या तारखेखाली लिहिते:
एक ते चाळीस.