इतर

सरकारी फोन कन्नड बोलतो.
मी मराठी शाळेतली, नंदगडची.
कन्नड शिकले बसच्या पाट्यांवरून,
रेशनकार्डावरून,
आणि खानापूरच्या ट्रेनिंगमध्ये, तीन दिवस, उप्पिटासकट.
वाचते आता. बोट ठेवून.

जांबोटीच्या पुढं रस्ता जंगलात शिरतो
तिथं रेंज आमच्याकडं पाठ फिरवते.
वाडीत अठ्ठावीस घरं
आणि रेंजची जागा एकच:
म्हसोबाच्या वरचा काळा खडक.
तिथं पोरं रिझल्ट बघतात,
सुना माहेरी बोलतात,
आणि मी महिनाअखेरी
गरोदर बायका, लसीची बाळं, बीपीवाले, शुगरवाले
एकेक करून आभाळात सोडते.
हिरवी टिक आली की पोचलं.
नाही आली, तर आशाताईचं मानधन अडलं.

त्या मंगळवारी तुळसाक्का घाडीच्या दारात बसले.
फोननं विचारलं: त्रास?
मी विचारलं, "अक्का, काय व्हायलंय?"
"छातीत पारवा शिरलाय गं.
बसतो, बसतो, आणि एकदम फडफडतो.
मग मेल्यागत गप."

यादी खाली सरकवली.
ताप. खोकला. जुलाब. धाप.
छातीत दुखणं होतं.
"दुखतंय काय?"
"दुखतंय कुठं? पारवा म्हटलं की गं."
चौदा त्रास होते. पारवा नव्हता.
तळाला होतं: इतर,
आणि त्यापुढं रिकामी चौकट.
कन्नड शब्द काही सुचेना
म्हणून मराठीच लिहिलं, कन्नड अक्षरांत,
गोल गोल, जिलबी पाडल्यागत:
पारवा.

खडकावर जाऊन सोडलं.
उतरणार, तोच फोन वाजला.
डॉक्टर नरगुंदकडचा, पोरगेलासा,
बेळगावात कुठंतरी स्क्रीनपुढं बसलेला.
"पारवा अंद्र एनवा?"
म्हटलं, हक्की, सर. देवळावर बसतंय ते. राखाडी.
"ओ, पारिवाळ!"
हसला.
मग हसायचा थांबला.
"एदियाग?"
होय सर. छातीत.

उपकेंद्रातनं मशीन आणलं, साबणाच्या वडीएवढं.
तुळसाक्काला चटईवर निजवलं, तारा लावल्या.
"करंट मारंल काय गं?"
"न्हाई अक्का. गप पड."
फोनवर रेघ धावली:
उंच, उंच, मग चुकलेली,
मग तीन एकदम.
मला त्यातलं काही कळत नाही,
पण पंख दिसत होते.

ती रेघ मुठीत धरून चढ चढले.
पदर करवंदीत अडकला, फाटू दिला.
माझंच काळीज असं उडत होतं
की तेव्हा मला तार लावली असती
तर डॉक्टरला आमच्यातली कुठली कोण
ते सांगता आलं नसतं.
खडकावर चाक फिरत राहिलं.
फिरत राहिलं.
टिक.

गाडी दोन तासांनी आली.
तुळसाक्का बेळगावात अकरा दिवस राहिली.
परतली ती गोळ्यांची पिशवी आणि
नर्सनं दिलेली जुनी स्वेटर घेऊन.
दारातनंच म्हणाली,
"तुझ्या फोनला सांग, बसलाय आता.
गेला न्हाई. पण बसलाय."
हे फोनला सांगायला जागा नव्हती.
मी वहीत लिहून ठेवलं.

ॲप आता नवीन आलंय. बावीस त्रास.
खालपर्यंत बघितलं, पारवा नाही.
तो डॉक्टरही बदलून गेला.
नवा 'इतर' उघडतो की नाही, ठाऊक नाही.

आज धोंडू गावड्याची सून, आठवा महिना, म्हणाली,
"ताई, पोटातला मासा कालपासनं हालेना."
मासा. त्यांच्यात मीनु.
या वेळी दोन्ही लिहिलेत,
आणि खाली नंबर, आणि परत नंबर.
गाडीलाही सांगितलंय.
खडकावर बसलेय.
चाक फिरतंय.