बारा सेकंद

माझं काम साधं आहे. बारा सेकंद बघायचे,
मग हो किंवा नाही.
टोलिडो शहर, पोलीस खात्याच्या मागची खोली,
एक हीटर, जो फक्त डाव्या पायाला ऊब देतो.
दिवा लाल झाल्यावर पांढरी रेघ ओलांडली? ओलांडली. हो.
नंबर वाचता येतो? येतो. हो.
पाटीवर बर्फ साचलेला असला तर नाही.
हिवाळ्यात पुष्कळ लोक बर्फाच्या कृपेनं सुटतात.

आज मी सभागृहात, मागून दुसऱ्या रांगेत,
ओळखपत्र कोटाच्या आत सरकवून.
कॅमेरे ठेवायचे की काढायचे?
प्रत्येकाला तीन मिनिटं, आणि माइकपाशी
छोटे तीन दिवे: हिरवा, पिवळा, लाल.
लाल लागला तरी सगळे बोलतच राहतात.
त्यांना दंड नाही.

मार्वेला टिब्ज म्हातारी माणसं सांभाळते, घरोघर जाऊन.
दोन घरांमध्ये कंपनी तिला अकरा मिनिटं देते.
"एकशेवीस डॉलर म्हणजे दीड दिवस
दुसऱ्यांचे पाय धुणं.
आणि कॅमेरे सगळे आमच्याच वस्तीत कसे?
नदीपलीकडे काय लोक बैलगाडीनं जातात?"
(बैलगाडी माझी. ती घोडागाडी म्हणाली होती.)

नदीम स्काफची बेकरी अगदी कोपऱ्यावर.
दोनदा त्याच्या काचेतून गाडी आत आली होती, एकदा पावांच्या ट्रेपर्यंत.
"आता मला माझ्या ओव्हनचा आवाज ऐकू येतो," एवढंच म्हणाला
आणि उरलेली अडीच मिनिटं परत देऊन बसला.

मग एक उंच माणूस, हातात राज्यघटनेची पुस्तिका:
"माझ्यावर आरोप करणाऱ्याच्या
डोळ्यांत डोळे घालून बघायचा मला हक्क आहे.
यंत्राला डोळे कुठं असतात?"
टाळ्या.
ते डोळे त्याच्यापासून चार खुर्च्यांवर होते.
मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

ओडेल प्रुइट, ऐंशीच्या पुढचे, कागदाशिवाय बोलले.
बायकोच्या अंत्ययात्रेत सोळा गाड्या होत्या.
पैकी अकरा जणांना दंडाची पाकिटं आली.
मी मनात दिवस मोजले: तेराव्याच्या आतच.
कुणीतरी हसलं, मग हसल्याचं त्याला वाईट वाटलं.

फेब्रुवारी. आठवतंय मला.
एकामागून एक, भर दुपारी दिवे लावलेल्या गाड्या.
मला वाटलं धुकं असेल.
कुणी सांगितलंच नव्हतं की इथं
गेलेल्या माणसामागं उजेडातही दिवे लावतात
आणि रांग तोडत नाहीत.
बारा सेकंदांत एक गाडी मावते, रांग मावत नाही.
अकरा वेळा हो.
उरलेल्या पाच पाट्यांवर बर्फ होता.

शेवटी बर्नाडेट काझमारेक. मुलगी गेली तेव्हा
त्या चौकात कॅमेरा नव्हता.
"एक साक्षीदार म्हणतो हिरवा होता, दुसरा म्हणतो पिवळा.
मी नऊ वर्षं तो दिवा बघते आहे.
मला कुठलाच रंग दिसत नाही."
पुढं बोलली नाही. माइक धरून उभी राहिली
लाल लागेपर्यंत, आणि तो लागल्यावरही.
अध्यक्षांनी घड्याळाकडं पाहायचं टाळलं.

मतदान पुढच्या महिन्यावर गेलं.
मी चिठ्ठी भरली होती, नाव लिहून.
ती खिशातच घडी होऊन राहिली.

बाहेर रात्रीचे साडेदहा. रस्ता दोन्हीकडं रिकामा,
पादचाऱ्यांचा हात लाल.
शेजारी ओडेल प्रुइट, मफलर नीट करत.
"कुणी येत नाहीये," ते म्हणाले, माझ्याकडं न बघता,
आणि उतरले.
मी उभी राहिले. सवयीनं मोजू लागले.
बारा झाले तेव्हा
ते अजून रस्त्याच्या मधोमध होते.