शुद्धिपत्र

एकोणीस वर्षं मी ‘शहरात आज’ लिहिते.
चौथं पान, डावा कोपरा, नऊ ओळींच्या वर जायचं नाही.
व्याख्यानाला शब्द तीन, भरतकामाच्या शिबिराला चार,
बोन्सायच्या प्रदर्शनाला, रोप कितीही बुटकं असो, पाच.
‘प्रवेश विनामूल्य’ कापता येत नाही.
‘वेळेवर यावे’ कापलं तर आयोजकांचा फोन येतो.

पाकिटं अजून येतात.
नारायण पेठेतल्या मोडीच्या वर्गाचं पोस्टकार्ड,
पर्वती रोज मोजत चढणाऱ्या मंडळाचं निवेदन
(पायऱ्यांच्या आकड्यावरून त्यांच्यात फूट पडली,
आता दोन मंडळं, दोन वेळा, माझ्या दोन ओळी).

मी यातल्या कशालाही जात नाही.
हलवायाला पेढा नकोसा होतो, तसं असेल.
शिवाय सगळं सहाला सुरू होतं
आणि सहालाच माझं पान लागतं.

परवा गोवंडे सभागृहातलं जलतरंग
संध्याकाळी सहाचं,
माझ्या हातून सकाळी सहाला गेलं.

छापलेली चूक झोपेतच दिसते.
साडेपाचला ताडकन उठले, स्कूटर काढली.
लक्ष्मी रोडवर एक झाडूवाली
आणि शटरं ओढलेली सगळी लग्नसराई.

सभागृहाच्या दारात अकरा माणसं.
वेळेवर आलेली.

वॉचमन तिकोने कुलपाकडे असा बघत होता
जणू त्यानंच ते छापलंय.
मी म्हटलं, चूक माझी.
स्वेटरातले एक गृहस्थ म्हणाले, ती दिसतेच आहे,
आणि नऊ वर्षांपूर्वीच्या एका ऱ्हस्व वेलांटीचीही
आठवण दिली.

पण घरी कुणी जाईना.
‘आलोच आहोत तर’
हे तीन शब्द आमच्या गावात
काहीही सुरू व्हायला पुरतात.

कोपऱ्यावरच्या अमृततुल्यातून चहा आला.
पेले रिकामे झाले तसं वडकेकाकूंनी
त्यांत पाणी ओतलं, कमीजास्त,
आणि चमचा घेऊन बसल्या.
तांबट आळीत जन्म गेलेला, ठोका पक्का.
सूर मात्र एकही नाही.
हातिमभाई म्हणाले, तिसऱ्या पेल्यात
साखर राहिलीय.

मग कुणीतरी घुल्यांना उभं केलं.
एकतीस वर्षं पीएमटीत कंडक्टर.
गाणं येत नाही म्हणाले.
जरा वेळानं म्हणाले, थांबे येतात.

डोळे मिटून सुरुवात केली, डेक्कनपासून, सावकाश.
असलेले थांबे, मग नसलेलेही:
टॉकीज पाडली तिथला,
ओढा बुजवला तिथला,
चिंचेखालचा, जिथं आता नुसता खांब आहे
आणि खांबावर आणखी कुणाचं तरी नाव.
एकेका थांब्याला एकेकाची मान हलत होती.
मधेच मागून कुणी म्हणालं, ‘उतरायचंय’,
आणि कुणालाच हसू आलं नाही.
शेवटच्या थांब्याला घुल्यांनी
रिकाम्या चिमटीनं हवेत टकटक केलं,
तिकीट फाडल्यासारखं,
प्रत्येकाकडे बघून एकदा.
मलाही एक मिळालं.

संध्याकाळी जलतरंग उत्तम झालं म्हणे.
मी नव्हते. पान होतं.

आज टेबलावर एक पाकीट आहे.
आत वहीचा फाडलेला कागद:
‘गुरुवारी. सकाळी सहा.
गोवंडे सभागृहाची पायरी.
चहा ज्याचा त्याने.’
कार्यक्रमाचं नाव कोरं, कलाकाराचंही.
खाली अकरा सह्या,
आणि बारा आकडा घालून
पुढची रेघ मोकळी सोडलेली.

शब्द मोजून होतात. नऊ ओळींत बसतं,
एका पर्वती मंडळाला उद्यावर ढकललं की.
परवाचं शुद्धिपत्र अजून द्यायचं राहिलंय.

संपादक वाचता वाचता थांबतात.
वेळ सकाळचीच ना? नक्की?

तपासून लिहिलीय, मी म्हणते.