पाठीमागे

अकरा वर्षं मी तिच्यासोबत खेळले
आणि खेळताना तिचा चेहरा कधी पाहिला नाही.
मी जाळीपाशी, ती मागे.
जाळीपाशी उभ्या असलेलीनं वळायचं नसतं,
वळलं की फूल डोळ्यावर येतं.
हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, तोयामात,
बँकेच्या संघात, जिथे दुपारी एकपर्यंत
आम्ही नोटा मोजायचो
आणि एकनंतर दोरीवरच्या उड्या.

म्हणून कानाए मला ऐकू येते, दिसत नाही.
उजव्या बुटाची चुर्र.
उडी मारताना ती गप्प असते,
उतरताना "हं" म्हणते,
हिशेब जुळल्यावर कॅशियर म्हणतो तसं.
त्या हुंकाराच्या वजनावरून मी ओळखायचे
उत्तर कुठून येणार,
आणि रॅकेट आधीच तिथे असायची.
लोक म्हणायचे, काय चपळ नजर आहे हिची.

सर्व्हिसला पाठीवर माझी बोटं तिच्याशी बोलायची.
एक म्हणजे मध्यावर, दोन म्हणजे कडेला.
मूठ म्हणजे, आज मला काही सुचत नाहीये, सांभाळून घे.
ही तिसरी खूण प्रशिक्षकांना माहीत नव्हती.

मोठ्यानं बोलायचे शब्द दोनच: तुझं. माझं.
भावाभावांची घरं या दोन शब्दांवर फुटतात.
आमचं फुटलं नाही. पण ओडेन्सला,
उपांत्यपूर्व फेरीत, एकोणीस-वीसवर,
दोघी एकदम "तुझं" म्हणालो
आणि ते आमच्या मधोमध पडलं,
सोळा पिसं, सगळी हंसाच्या डाव्या पंखाची.
परतीच्या विमानात तिनं तिचं पुडिंग मला दिलं.
मी खाल्लं. त्यावर बोलणं झालं ते एवढंच.

जगात आमचा सगळ्यात वरचा आकडा चौदा.
पण देशातच चार जोड्या आमच्या पुढे होत्या,
आणि ऑलिंपिकला जातात दोन.
त्या उन्हाळ्यात आम्ही
मुदत ठेवीच्या पत्रकावर हसलो.

मग एक फेब्रुवारी. लीगचा साधा सामना.
बाहेर छतावरून बर्फाचे थर घसरत होते, धप्प, धप्प.
मागून "कट्" असं काहीतरी आलं.
मला वाटलं, तिची तार तुटली.
तार तुटली की पुढचीनं गुण लवकर संपवायचा असतो.
मी झेपावले, जाळीवरच मारलं,
मूठ आवळली,
आणि मग वळले.

तार शाबूत होती.
ती जमिनीवर बसून मान वळवून बघत होती,
टाचेवर लाथ कोणी मारली ते.
जी कायम माझ्या पाठीशी होती
तिच्या पाठीशी कोणीच नव्हतं,
फक्त भिंत, आणि भिंतीवर आमच्याच बँकेचा फलक.

तो गुण अजून गुणपत्रकात आहे.
दोघींच्या नावावर.

नंतर दोन हंगाम नाओकाबरोबर खेळले.
एकोणीस वर्षांची, फटके कानाएपेक्षा जड,
पावलं मात्र इतकी हलकी
की मागे कोणी आहे की नाही, कळायचं नाही.
माझी बोटं तिला सगळं सांगायची.
मूठ सोडून.
तिसऱ्या वर्षी मी पूर्ण दिवस काउंटरवर बसू लागले.

कानाए आता वडिलांच्या दुकानात माशाच्या वड्या विकते.
परवा रात्री दुकान बंद करून स्टेशनकडे निघालो.
फावड्यानं काढलेली एकाच माणसाची वाट,
दोन्हीकडे कमरेइतका बर्फ. मी पुढे, ती मागे.
एक पाऊल वेळेवर. एक किंचित उशिरा.
मी हातमोज्यातली मूठ पाठीवर नेली. उगाच.
बराच वेळ नुसता बर्फ करकरत राहिला.
मग,
"दिसलं गं. चाल आता, माझा पाय गारठलाय."