साडेचार बाय तीन

पित्ताचे खडे काढायला गेले होते.
तीन भोकं पोटाला, म्हणाले, तिसऱ्या दिवशी घरी.
पोट कधीचंच भरून आलं.
मांडी अजून जळते.

शुद्धीवर आल्यावर विचारलं, इथं काय झालं?
सिस्टर म्हणाली, चिकटपट्टीची अॅलर्जी.
रात्रपाळीची म्हणाली, गरम पाण्याची पिशवी लागली असंन.
मोठे डॉक्टर म्हणाले, होते असं, कातडी बदलते.
एका जखमेला तीन बाप.

मी गोळीबार चौकात पिको-फॉल करते, ब्लाउज शिवते.
इस्त्रीचा डाग मला शिकवू नका.
लोखंड किती वेळ टेकून राहिलं
ते कडेच्या पिवळ्या रेघेवरून सांगते मी.
मांडीवर चौकोन होता,
कोपरे गोल, कारखान्यात कापल्यासारखे.
टेप काढली. साडेचार बाय तीन.
गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत
एका पानावर माझंच नाव टाकलं, निखारे इंदुमती,
खाली तेवढंच माप.

वकीलबाई टेंभेकर सिव्हिल लाइन्सला,
झेरॉक्सच्या दुकानावर बसतात.
त्यांनी एका फुकट गेलेल्या कागदाच्या पाठीवर माणूस काढला.
म्हणाल्या, पेन्सिलीसारखी कांडी, तिच्यात वीज,
तीच कापते, तीच रक्त थांबवते.
आत गेलेली वीज बाहेर पडायला मांडीला प्लेट.
प्लेट नीट चिकटली नाही, मशीन ओरडली नाही,
की सगळी वीज एका कोपऱ्यातून निघते.
मी विचारलं, अन् चालवतात कशी?
पायानं. खाली पायडल असतं.

मी माझ्या पायांकडे पाहिलं.
बावीस वर्षं झाली पायडल दाबून.
एकदा सुई बोटात गेली होती.
पाय आपोआप उचलला गेला.

दारं किती आहेत, बाई?
ग्राहक आयोग, त्या म्हणाल्या. दवाखाना, मशीन बनवणारी कंपनी,
विकणारा, सगळ्यांना ओढता येतं. पण दोन वर्षांच्या आत.
तुमचे चौदा महिने दुखण्यातच गेले.
मेडिकल कौन्सिल आहे, तिथं भरपाई नाही.
पोलीस आहेत, ते आधी तज्ज्ञांचं मत मागतील.
अन् सरकारला मशीनची खबर द्यायची असते,
ती काही कोणी देत नाही. ती आपण देऊ.

मी म्हटलं, मला कोणाला आत नाही टाकायचं बाप्पा.
पायडल दाबलं की मांडी ताणते,
दिवसाचे आठ ब्लाउज व्हायचे, आता तीन होतात.
त्यांनी चष्मा वर केला.
हे असंच्या असं अर्जात जाईल, म्हणाल्या.

कागद मागितले, सत्तर पानं मिळाली.
सत्तर पानांत मांडी कुठंच नाही.
प्लेट कचऱ्यात गेलेली. मशीन दुरुस्तीला, हैदराबादला.
कधी गेली? माहीत नाही.
मग गेटवरचं रजिस्टर निघालं.
झिबल उईके नावाच्या चौकीदारानं
माझ्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊ दहाला,
सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं होतं:
एक मशीन बाहेर. जळकी.

तो एक शब्द मी बोटानं तीनदा वाचला.

आयोगात कंपनीचा वकील म्हणाला,
डाग दिसत तर नाही.
मी उभी होते, नऊवार नाही, साधी पाचवार,
पदर हातात.
टेंभेकर बाईंनी मापांची वही पुढे केली.
साहेबांनी पानं उलटली,
कोणाकोणाचे गळे, कोणाकोणाच्या बाह्या,
मग माझ्या पानावर थांबले. काही बोलले नाहीत.
तारीख दिली.
कूलरच्या खडखडाटात ऐकू नाही आली,
बाहेर शिपायाला पुन्हा विचारली. नऊ जुलै.

घरी आले. संध्याकाळी दोन ब्लाउज द्यायचे होते.
इस्त्री तापली. ओलं बोट लावलं, चर्र झालं,
थांबले जराशी,
आधी चिंधीवर फिरवून पाहिली.
कापड दुसऱ्याचं होतं.