पंचेचाळीस अंश

जळगावच्या एमआयडीसीत, मे महिन्यात
ओव्हन पंचेचाळीसवर लावताना हसू येतं.
बाटली नुसती खिडकीत ठेवली तरी चाललं असतं.

सीरमचा हा सातवा नमुना. आधीचे सहा फुटले,
वर सिलिकॉन, खाली पाणी,
एका चुलीच्या दोन जावा, पाठ फिरवून.

भंगाळे सर म्हणाले, पाणी घाईनं ओततेस तू.
म्हणून आज थेंब थेंब,
मिक्सरचा आवाज जड होईपर्यंत.
बोट बुडवलं तर पाणी लागतच नाही, रेशीम लागतं.
पाणी आत आहे,
कोट्यवधी खोल्यांत, एकेकटं.

पाण्यात आधीच मीठ टाकलंय, जरासं.
कशाला? यामिनी विचारते, नवीच आहे.
मीठ नसलं की मोठा थेंब
धाकट्याला गिळत जातो, हळूहळू,
भांडण न करता.
ती वहीत लिहीत नाही.
चार भावंडांत धाकटी आहे, असं परवा डबा खाताना म्हणाली होती.

लेबल, तारीख. तीन महिने बघायचं.

दुपारी दोनला वीज गेली.
मी काही बोलायच्या आत
यामिनीनं ओव्हन उघडला,
बाटली खिडकीत नेऊन ठेवली, शेजारी थर्मामीटर.

पारा हलला नाही.