बावीस किलो

आधी वाटलं, सुरी पुरे.
रोल्याच्या दुकानातली, पातं मोडत मोडत
पुढे सरकवायची, सहा दिरहमची.
सोबत पोलादी पट्टी,
कारण लाकडी पट्टीला सुरी खाते
आणि मग बोटाकडे वळते.

सुरीशी घाई चालत नाही.
ऐंशी पानं म्हणजे साठ-सत्तर फेऱ्या,
तीच वाट, तोच दाब, श्वास धरून.
मध्येच घड्याळाकडे बघितलं
की खालची पानं तिरकी :
वर सभ्य, आत बेशिस्त,
आमच्या ऑफिसच्या खतावणीसारखी.

मग चाकाचा कटर. सुळकन धावतो,
दहा पानांपर्यंत राजा,
अकराव्याला कुरकुर.
दुकानातला शनीद म्हणाला,
"हा फोटोंसाठी आहे, चेची. तुमची वही जाड."
आणि स्वतःच तो खोक्यात परत ठेवला.
असे दुकानदार कसे टिकतात कोण जाणे.

ऑगस्टात इथे कागदही ऐकत नाही.
खिडकी उघडली तर फुगतो, एसीत आकसतो,
सकाळचा काटकोन
रात्री काटकोन राहत नाही.
खळ वाळते, कड लाटेसारखी उठते,
मग वाटतं, दोष पात्याचा.

खरं सांगायचं तर
मी धार नंतर बघते.
आधी अवजार तळहातावर तोलते.
शारजात अकरा वर्षं झाली,
कुकर घेताना, आरसा घेताना, सगळं घेताना
एकच प्रश्न : तीस किलोंत बसेल?
खुर्चीसुद्धा घडीची आहे माझी.

अब्दुलहक परकार इंडस्ट्रियल एरियातल्या
एका प्रेसमध्ये कटिंगला होते, अठ्ठावीस वर्षं.
प्रेस बंद होतंय, मशिनं भंगारात चाललीत,
हे एक तेवढं त्यांचं स्वतःचं.
बिडाचा पाया, वर दाबायचं चाक,
बाजूला विळीच्या पात्याएवढा मोठा दांडा.
त्यांनी पाचशे पानं चळत लावून सरळ केली,
चाक आवळलं.
"बघू नको बाय, ऐक.
फाटला तर कागद ओरडतो.
कापला तर नुसता सुस्कारतो."

एक घाव, दोन तुकडे
हे मी भांडणांतच ऐकलेलं.
इथे त्यात राग नव्हता.
कड अशी की गाल टेकवावा.

"गावी का नाही नेलंत?"
ते पातं पुसत राहिले.
"कार्गोत जागा असायची.
पण एकदा फ्रीज गेला, एकदा शिलाई मशीन,
मग मुनीराच्या लग्नातली डेगची.
ह्याचा नंबर दर खेपेला पुढच्या खेपेला."
आता गुडघे गेलेत. किती वजन?
"बावीस किलो. तेलाशिवाय."

दोनशे दिरहम घेतले,
दोनदा मोजून.

वॉचमन मोफिजुलने ट्रॉली आणली,
लिफ्टमध्ये आम्ही तिघं : तो, मी, लोखंड.
टेबलावर ओरखडे नकोत म्हणून
खाली बनातीचे तुकडे चिकटवायला
मशीन आडवं केलं,
तर पायाच्या पोटाशी पांढऱ्या ऑइलपेंटने,
घोटीव अक्षरात :
परकार बाईंडिंग वर्क्स,
एसटी स्टँडसमोर, मंडणगड,
जि. रत्नागिरी.
पिनकोडचे चारच आकडे.
पुढे रंग संपला असेल,
किंवा कोणी हाक मारली असेल.

बनात मी कडेकडेने लावली,
अक्षरं उघडी ठेवून.

पहिल्या वहीला तेलाचा डाग पडला,
ती विकायची नाही असं ठरवलं.
कापताना ऐकलं. सुस्कारलाच.
पायाशी कागदाची एक बारीक पट्टी पडली,
दोऱ्यासारखी, न तुटता.

टेबल मात्र मधोमध वाकलंय.
शुक्रवारी नवं बघायला जाणार आहे.
सागवानी, भरभक्कम,
न दुमडणाऱ्या पायांचं.